अर्धं पाणी

आडगाव नाक्यापुढे, ट्रक टर्मिनलच्या मागल्या अंगाला
अकरा टँकर उभे होते, तोंडं हायवेकडे करून.
मणियारशेठ म्हणाला, कोणताही घ्या ताई, सगळे चालू आहेत.
चालू तर मीही होते.
चार रात्री डोळ्याला डोळा नाही,
पर्समध्ये भिशीचे, पतसंस्थेचे
आणि विकलेल्या मिक्सरचे पैसे.
मिक्सर म्हणजे काँक्रीटचा.
चटणीचा अजून घरी आहे.

पोपट गांगुर्डे गाडीखाली उताणा सरकला.
दिसत होते फक्त त्याचे पाय,
आणि खालून आवाज येत होता:
चासीला वेल्डिंग मारलंय.
मागचा पाटा तुटका.
क्राउनमधून ऑइल.
शेठ दरवेळी म्हणायचा, किरकोळ.
ही सगळी किरकोळं मी बोटांवर मोजत
सव्वानऊ लाखांवरून पावणेआठवर आले.
शेठनं चहा मागवला.
म्हणजे अजून जागा होती.

टाकीच्या पाठीवर तीन रंग होते.
वर पिवळा: फक्त बांधकामासाठी.
पोपडा निघाला तिथं निळा: पिण्याचे पा
आणि त्याच्याही खाली नुसतं एक 'ग्रा',
पुढचं गाव पत्र्यासकट गंजून गेलेलं.
मी बोटाच्या पेरानं पत्रा वाजवला,
बारा हजार लिटरचं रिकामपण
कोपरापर्यंत आलं.

माझा धंदा पाण्याचा.
ओतलेल्या स्लॅबला चौदा दिवस पाजायचं.
लोकांना वाटतं सिमेंट वाळून घट्ट होतं.
ते पिऊन पिऊन घट्ट होतं.
इंजिनियर हे वर्गात शिकतात,
मी डोक्यावरच्या पाटीखाली शिकले.
भाड्याचा टँकर यायचा त्याच्या मर्जीनं,
पाथर्डी फाट्याच्या तिसऱ्या मजल्याला
केसाएवढी भेग गेली, आणि माझ्या बिलाला
हातभर.

सात लाख चाळीसला शेठ उठून उभा राहिला,
म्हणाला, घ्या, माझं काय, मी तर बुडालोच,
आणि खिशातून किल्ली काढताना हसू दाबलं.
तेवढ्यात पंक्चरवाल्याच्या बाकावरून
एक म्हातारा उठला. दगू लहामगे.
नऊ वर्षं हाच चालवत होता.
त्याला कोणी बोलावलं नव्हतं,
आणि तो व्यवहारातही नव्हता.
दुसरा गिअर उसळतो, म्हणाला,
त्याला शिव्या देऊ नका, थांबा जरा.
पंपाचा पट्टा जास्तीचा ठेवा, सीटखाली.
मग माझ्याकडे न बघता, टाकीकडे बघत:
भरलेली गाडी चालवा. रिकामी चालवा.
अर्धी कधी नाही.
अर्धं पाणी वळणावर आपलं आपण ठरवतं.

त्यानं बॉनेटवर थाप मारली नाही,
डोळेबिळे पुसले नाहीत.
शेठकडे राहिलेले दोन हजार मागितले
आणि ते मिळाले नाहीत.

आरटीओत नाव चढायला सव्वीस दिवस लागले.
पहिली खेप विल्होळीच्या विहिरीवर भरली,
झाकणातून उसळून माझे दोन्ही खांदे भिजले.
पोरगा चालवत होता, मी शेजारी,
मागून पाणी ढकलत होतं,
गर्दीत कोणी पाठीशी उभं असावं तसं,
पुढे चला, पुढे चला.

साइटवर स्लॅब प्याला. निम्म्यावर वॉल्व्ह बंद केला.
उरलेलं अंबडच्या साइटला द्यायचं ठरलं होतं,
तिथले पैसे आगाऊ घेतलेले.
पोरगा म्हणाला, सात किलोमीटर तर आहे, मावशी.
मला आठवलं: गरवारे चौक. त्याच्या आधीचं वळण.
त्या वळणावरची शाळा.

पाइप फिरवला मजुरांच्या पालांकडे.
बायका आधी बघत राहिल्या, कितीला म्हणून.
मग ड्रम आले, बादल्या आल्या, एक पाळणा धुतला गेला,
एका पोरानं तोंडच लावलं, आई ओरडली,
प्यायचं नाही ते, बांधकामाचं आहे.

परत विल्होळी. परत रांग. डिझेल वेगळं.
रात्री वही उघडली,
खर्चाच्या रकान्यात पेन अडलं थोडा वेळ.
मग लिहिलं:
सहा हजार लिटर,
वळणासाठी.